पुतळ्याच्या शेजारी कोण?

'हंबोल्ट प्रवाह' हे दोन शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील, त्याची मोजदाद नाही. दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा काढायचा, निळ्या खडूने दक्षिणेकडून उत्तरेकडे बाण मारायचा आणि सांगायचं: हे पाणी थंड, म्हणून वाफ कमी, म्हणून पाऊस नाही, म्हणून अटाकामाचं वाळवंट, आणि याच थंड पाण्यामुळे पेरूच्या किनाऱ्याला मासळीची चंगळ. मुलं वहीत उतरवून घ्यायची. 'जोड्या लावा'मध्ये तो प्रश्न हमखास यायचा. सातारा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये एकोणतीस वर्षं भूगोल शिकवून मी निवृत्त झाले, पण हंबोल्ट हा हाडामांसाचा एक माणूस होता, जर्मन निसर्गशास्त्रज्ञ होता, हे एकाही वर्गाला धड सांगितलं नाही. पोर्शन संपवायचा असायचा.

लेकीकडे बर्लिनला तीन महिने राहायचं ठरलं, तेव्हा ही उधारी चुकती करायची असं मनाशी घेऊनच मी विमानात बसले. तिचं घर वेडिंग भागात, गेझुंडब्रुनेन स्टेशनजवळ. खिडकीतून एक टेकडी दिसते. टेकडीवर दाट झाडी, आणि झाडीतून वर डोकावणारा काळपट काँक्रीटचा भलामोठा ठोकळा. पहिल्याच सकाळी चहा घेताना विचारलं, "हे काय गं?"

"हंबोल्टहाईन. म्हणजे हंबोल्टची राई," ती म्हणाली. "तुझाच माणूस, आई."

त्या टेकडीवर मी पुढे रोज जाऊ लागले. पण आधी पुतळा बघायचा होता.

उंटर डेन लिंडन नावाच्या रुंद रस्त्यावर विद्यापीठाचं मुख्य दार आहे. दाराच्या दोन अंगांना दोन भाऊ बसलेले आहेत, पांढऱ्या संगमरवरात. थोरला विल्हेल्म, ज्याच्या पुढाकाराने हे विद्यापीठ १८१० मध्ये सुरू झालं. त्याच्या मांडीवर उघडा ग्रंथ. धाकटा अलेक्झांडर, आपला भूगोलवाला. त्याच्या बाजूला पृथ्वीचा गोल. अलेक्झांडरचा पुतळा राइनहोल्ट बेगासने केला, विल्हेल्मचा पाउल ओटोने, आणि दोन्हींचं अनावरण १८८३ मध्ये झालं. विद्यापीठाला या भावांचं नाव मिळालं ते फार नंतर, १९४९ मध्ये. पुतळ्यांसमोर फुटपाथवर जुन्या पुस्तकांची टेबलं लागतात. पावसाची सर आली की विक्रेते प्लॅस्टिकचा कागद ओढून घेतात आणि सर गेली की झटकून बाजूला करतात.

मी बराच वेळ नुसती बघत उभी होते. संगमरवराच्या घड्यांमध्ये काळं बसलंय. कोटाच्या बाहीवर पावसाच्या ओघळांच्या रेषा आहेत, नकाशावर नद्या काढाव्यात तशा. आणि मला वाटलं, हा माणूस बसलेला का आहे? आयुष्यभर जो चालला, चढला, होडीतून गेला, साठीला आल्यावरसुद्धा १८२९ मध्ये रशियात उरल आणि अल्ताईपर्यंत काही महिन्यांत पंधरा हजारांहून जास्त किलोमीटर फिरून आला, त्याला खुर्चीत बसवलंय. मग वाटलं, बरंच केलं. घोड्यावर बसवण्यापेक्षा हे चांगलं.

कारण समोर रस्त्याच्या मधोमध घोडा आहेच. फ्रेडरिक राजाचा. राउखने घडवलेला, १८५१ मध्ये उभारलेला, चौथऱ्यासकट साडेतेरा मीटर उंच. चौथऱ्याभोवती राजाच्या काळातली मोठमोठी माणसं कोरली आहेत. बहुतेक सेनापती, तेही घोड्यांवर किंवा तलवारी घेऊन. विचारवंतांना जागा मिळालीय ती मागच्या बाजूला. कांट आणि लेसिंग थेट घोड्याच्या शेपटीखाली उभे आहेत. त्या दोघांकडे बघून मला खरोखर वाईट वाटलं. आणि मग मान वळवून पुन्हा या दोन भावांकडे पाहिलं, तेव्हा बत्तीस वर्षांत या रस्त्यावर काय बदललं ते कळलं. शेपटीखालची माणसं उठून स्वतःच्या चौथऱ्यावर येऊन बसली होती.

ही गोष्ट मला पुतळ्याने सांगितली नाही, शेजारच्या पुतळ्याने सांगितली. आणि तिथेच लक्षात आलं की हंबोल्टचीच रीत हंबोल्टच्या पुतळ्यांना लावून बघायला हवी.

ती रीत काय, ते सांगते. १८०२ च्या जूनमध्ये, २३ तारखेला, हंबोल्ट एक्वादोरमधल्या चिंबोराझोवर चढला. तेव्हा युरोपात हाच जगातला सगळ्यात उंच डोंगर समजला जायचा. उंची ६,२६३ मीटर. बर्फाची हद्द सुरू झाली तिथून बरेच हमाल मागे फिरले. पुढे चौघेच राहिले. धुकं, सुरीच्या पात्यासारखी अरुंद कड, भिजलेले बूट, हिरड्यांतून रक्त. तरी हा माणूस थांबून थांबून हवेचा दाब मोजत होता, तापमान मोजत होता, दगडावरचं शेवाळ टिपून घेत होता. सुमारे ५,९०० मीटरवर (हे त्याचंच गणित) पुढे खोल भेग आडवी आली आणि ते परतले. माथा हुकला. पण खाली येऊन त्याने जे चित्र मनात धरलं आणि १८०७ मध्ये छापलं, ते मी लेकीच्या लॅपटॉपवर पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. डोंगराचा उभा छेद. ज्या उंचीवर जी वनस्पती सापडली, तिथेच तिचं नाव लिहिलेलं. खाली ताडामाडाची झाडं, वर चढत गेलं की ओक, मग झुडपं, गवत, शेवाळ, बर्फ. आणि दोन्ही बाजूंना रकाने: या उंचीला हवेचा दाब किती, उष्णता किती, आकाश किती निळं, कोणती पिकं येतात, कोणती जनावरं राहतात.

म्हणजे झाड एकटं बघायचंच नाही. ते किती उंचीवर आहे, कोणत्या हवेत, कोणाच्या शेजारी, हे सगळं मिळून ते झाड. आज आपल्याला यात नवल वाटत नाही, कारण आपण सगळे त्याच्याच पद्धतीने शिकलो. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी का आणि माणला बाजरी का, हे मी मुलांना समजावायचे ते याच रकान्यांनी. नकाशावरच्या समताप रेषासुद्धा १८१७ मध्ये त्यानेच पहिल्यांदा काढल्या. पुण्याच्या हवामान खात्याचा नकाशा वर्तमानपत्रात बघणाऱ्या कोणाच्याही डोळ्यांखालून त्याची रेघ गेलेली असते.

तर मग त्याच्या पुतळ्यांचे रकाने भरूया, असं ठरवलं. वही घेतली.

पहिला रकाना तिथेच, रस्त्यापलीकडे. पुतळा जिथे बसून बघतो आहे, त्याच्या तिरकस समोर बेबेलप्लात्स नावाचं पटांगण आहे. १० मे १९३३ च्या रात्री विद्यार्थ्यांनी आणि नाझींनी तिथे पुस्तकं जाळली, सुमारे वीस हजार. यातले कितीतरी विद्यार्थी याच विद्यापीठाचे. आज त्या जागी जमिनीत एक जाड काच बसवलेली आहे. वाकून पाहिलं की खाली पांढऱ्या रिकाम्या फडताळांची खोली दिसते; वीस हजार पुस्तकं मावतील एवढी जागा, आणि एकही पुस्तक नाही. मिखा उलमन या शिल्पकाराने १९९५ मध्ये केलेलं हे स्मारक. गुडघे दुखत होते तरी मी खाली बसून पाहिलं. काचेवर आभाळाचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे आधी स्वतःचाच चेहरा दिसतो आणि मग तळातली ती रिकामी फळी. दोन्ही भाऊ ती आग बघत होते, त्याच खुर्च्यांत बसून.

दुसरा रकाना पुतळ्याच्या चौथऱ्यावरच आहे. तिथे एक ओळ जर्मन नाही, स्पॅनिश आहे. लेकीने फोनवर अर्थ लावून दिला: 'क्यूबाच्या दुसऱ्या शोधकाला, हवाना विद्यापीठाकडून, १९३९.' मूळ पुतळ्यानंतर छप्पन्न वर्षांनी दुसऱ्या देशाने येऊन घातलेली भर. शिक्षिकेच्या सवयीने 'शोधक' या शब्दावर मी लाल शाईची खूण केली. माणसं राहत होती त्या बेटाचा शोध पहिल्यांदाही लागला नव्हता आणि दुसऱ्यांदाही नाही. पण हवानाने हे का लिहिलं, त्यामागची गोष्ट मोठी आहे.

हंबोल्ट क्यूबात दोनदा राहिला, १८००-०१ मध्ये आणि मग १८०४ मध्ये. उसाचे मळे पाहिले, साखरेचे कारखाने पाहिले आणि ती साखर ज्यांच्या पाठीवर उभी होती ते गुलाम पाहिले. १८२६ मध्ये त्याने क्यूबावर पुस्तक काढलं. त्यात आकडे होते, नकाशा होता आणि गुलामगिरीवर एक जळजळीत प्रकरण होतं. हवानाच्या नगरपरिषदेने १८२७ मध्ये त्या पुस्तकावर बंदी घातली. पुढे १८५६ मध्ये अमेरिकेत त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला, तो गुलामगिरीचं प्रकरण गाळून! तेव्हा हंबोल्ट शहाऐंशी वर्षांचा होता. त्याने जाहीर निषेध केला: पुस्तकातल्या बाकी सगळ्या मोजमापांपेक्षा मला त्या प्रकरणाचं मोल जास्त आहे, असा त्याचा सूर होता. आणि दुसऱ्याच वर्षी प्रशियात, म्हणजे बर्लिन ज्याची राजधानी होती त्या राज्यात, कायदा झाला की इथल्या जमिनीवर पाय ठेवणारा गुलाम त्या क्षणी मोकळा. त्या कायद्यामागे या म्हाताऱ्याचा रेटा होता.

ज्या शहराने पुस्तक बंद केलं, त्याच शहराच्या विद्यापीठाने एकशे बारा वर्षांनी ही ओळ पाठवली. पण सालाकडे पुन्हा पाहा. १९३९ च्या मे महिन्यात 'सेंट लुई' नावाचं जहाज नऊशेहून जास्त ज्यू निर्वासितांना घेऊन जर्मनीहून हवानाच्या बंदरात आलं होतं. मोजक्याच लोकांना उतरू दिलं. बाकीचे किनाऱ्यावरच्या नातेवाइकांना होड्यांतून हात हलवताना बघत राहिले आणि जहाज परत युरोपकडे फिरलं. विद्यापीठ म्हणजे सरकार नव्हे, हे मला कळतं. पण बर्लिन आणि हवाना या दोन गावांना जोडणाऱ्या त्या वर्षीच्या दोन गोष्टी या, आणि चौथऱ्यावर त्यातली एकच आहे. दुसरी मी वहीत लिहिली.

१४ सप्टेंबर हा त्याचा जन्मदिवस, साल १७६९. आपल्याकडे जयंतीला पुतळ्याला हार असतो, खाली रांगोळी, चार माणसं भाषण करतात. इथे काहीच नव्हतं. पुस्तकवाले टेबलं मांडत होते एवढंच. मला करमेना. लेकीच्या बाल्कनीतल्या कुंडीत झेंडू फुलला होता, त्यातली दोन फुलं रुमालात घालून मी नेली होती, ती चौथऱ्याच्या पायाशी ठेवली. झेंडू निवडायला कारण होतं. आपल्या दसऱ्याचं तोरण ज्याच्याशिवाय होत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. समुद्र ओलांडून कधीतरी आपल्याकडे आला आणि इतका आपला झाला की परका वाटतच नाही. हंबोल्ट मेक्सिकोत वर्षभर राहिला होता आणि तिथून डेलियाचं बी त्याने युरोपात पाठवलं होतं. वनस्पती कुठून निघते आणि कुठे जाऊन घर करते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? एक पुस्तकवाला माझ्याकडे बघून हसला आणि टोपीला हात लावला.

जगभर त्याचे किती पुतळे आहेत, ते बघून मी थक्क झाले. फिलाडेल्फिया, शिकागो, सेंट लुई, मेक्सिको सिटी (हा जर्मनीने १९१० मध्ये मेक्सिकोच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीला भेट दिला). त्याच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, १८६९ मध्ये, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ब्रॉंझचा अर्धपुतळा बसवला गेला. १९८१ मध्ये तो हलवून सत्त्याहत्तराव्या रस्त्याच्या तोंडाशी आणला, नैसर्गिक इतिहासाच्या मोठ्या संग्रहालयासमोर. त्याच संग्रहालयाच्या दारात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टचा घोड्यावरचा पुतळा होता, एका बाजूला आदिवासी आणि दुसऱ्या बाजूला आफ्रिकी माणूस, दोघेही पायी. २०२२ च्या जानेवारीत तो काढून नेला. हंबोल्ट मात्र रस्त्यापलीकडे आहे तसा आहे.

पण मला सगळ्यात जास्त दिवस पुरली ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची जोडी. मी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही, फोटोच पाहिला. विद्यापीठाच्या इमारतीवर उंचावर दोन संगमरवरी पुतळे शेजारी शेजारी होते: एक हंबोल्ट, दुसरा लुई अगासी. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात अगासी वरून निसटला आणि डोकं खाली करून फरशीत घुसला. पाय वर, कोट तसाच. हंबोल्ट जागचा हलला नाही. लोक गेली शंभराहून अधिक वर्षं त्या फोटोला हसत आले आहेत. मला हसू आलं नाही, कारण या दोघांचं नातं मला तोवर कळलं होतं.

अगासी हिमनद्यांचा मोठा अभ्यासक. तरुणपणी, १८३२ मध्ये, पॅरिसमध्ये पैशांअभावी त्याचं शिक्षण अडलं होतं. त्याने मागितलेही नव्हते, तरी हंबोल्टने त्याला एक हजार फ्रँक पाठवले. हंबोल्ट असा अनेकांच्या मदतीला धावायचा. स्वतःचा वारसा प्रवासात आणि पुस्तकांच्या छपाईत घालवून बसलेला माणूस तो. जाताना जे काही उरलं ते घरच्या नोकराच्या नावे करून गेला. पुढे अगासी अमेरिकेत गेला, हार्वर्डला नावारूपाला आला आणि तिथे सांगू लागला की माणसांचे वंश मुळातच वेगवेगळे निर्माण झाले आहेत, काळी माणसं कमी प्रतीची आहेत. १८५० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या गुलाम स्त्री-पुरुषांना उघडं उभं करून त्याने त्यांचे फोटो काढवले, पुरावा म्हणून. आणि ज्याने त्याला हात दिला त्या हंबोल्टने तोवर छापून ठेवलं होतं की सगळी माणसं एकाच मानवजातीची, कोणी वरचं नाही, कोणी खालचं नाही, सगळ्यांचा हक्क स्वातंत्र्यावर सारखाच.

१४ सप्टेंबर १८६९ ला बोस्टनमध्ये हंबोल्टच्या शताब्दीचं मुख्य भाषण झालं. वक्ता कोण? लुई अगासी.

मी शाळेत असताना आमच्याकडेही असं व्हायचं. ज्या थोर माणसाच्या जयंतीला भाषण चाललंय, त्याच्या सांगण्याच्या बरोबर उलट वागणारा पाहुणा मंचावर बसलेला असायचा आणि आम्ही शिक्षक मुलांना टाळ्या वाजवायला सांगायचो. तेव्हा गप्प बसले, हे मला आजही खुपतं.

२०२० मध्ये स्टॅनफर्डने अगासीचा पुतळा दर्शनी जागेवरून हलवायचा निर्णय घेतला. पण हंबोल्टकडे तरी स्वच्छ डोळ्यांनी बघायचं की नाही? कारण पुतळ्याच्या शेजारी कोण आहे हे बघता बघता, कोण नाही तेही दिसायला लागतं.

चिंबोराझोच्या कडेवर चौघे होते म्हटलं. हंबोल्ट, त्याचा सोबती फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बोंप्लां, कितोचा तरुण कार्लोस मोंतुफार आणि जवळच्या सान हुआन गावातला एक माणूस. मोंतुफार पुढे स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला आणि १८१६ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. बोंप्लां दक्षिण अमेरिकेत परत गेला. १८२१ मध्ये पॅराग्वायच्या हुकूमशहाने त्याला पकडून जवळजवळ दहा वर्षं अडकवून ठेवलं. जमवलेल्या हजारो वनस्पतींत त्याचा वाटा मोठा, पण त्याचे पुतळे शोधावे लागतात. आणि सान हुआनचा तो माणूस? ती वाट त्याच्या पायाखालची होती, आणि इतिहासात त्याचं नावसुद्धा नाही. ज्या प्रवाहाला मी फळ्यावर 'हंबोल्ट' म्हणत आले, त्या नावाला खुद्द हंबोल्टने हरकत घेतली होती, हे मला इतक्या उशिरा कळावं! तो म्हणाला, चिलीपासून वरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या पोरांनाही हा प्रवाह तीनशे वर्षं माहीत आहे. मी फक्त पहिल्यांदा त्याचं तापमान मोजलं.

आणि एक गोष्ट त्याच्या बाजूने न जाणारी. १८०० च्या मे महिन्यात ओरिनोको नदीच्या धबधब्यांजवळ आतारुइपे नावाच्या गुहेत तो गेला. ती नामशेष झालेल्या आतुरे लोकांची दफनाची जागा. टोपल्यांमध्ये जपून ठेवलेले सहाशेच्या आसपास सांगाडे. वाटाड्यांना ते आवडत नव्हतं, हे दिसत असूनही त्याने काही कवट्या आणि सांगाडे उचलून खेचरांवर लादले. पुढे त्यातलं बहुतेक सगळं आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जहाजासोबत बुडालं. त्याने हे स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याच प्रवासात त्याने एक म्हातारा पोपट पाहिला. त्याचं बोलणं कोणालाच कळत नव्हतं. लोकांनी सांगितलं, तो आतुऱ्यांची भाषा बोलतो. ती बोलणारी माणसं संपली. उरला हा पोपट.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि त्या दिवशी दुसरं काही वाचलं नाही. आमच्या आजीच्या माहेरच्या बोलीतले कितीतरी शब्द आता माझ्याखेरीज घरात कोणाला येत नाहीत.

रेचल बर्विक नावाच्या अमेरिकी कलावंत बाईंनी १९९० च्या दशकात या पोपटाचं स्मारक केलं. दगडाचं नाही. त्याच धबधब्यांच्या काठच्या मायपुरे भाषेतले, हंबोल्टच्या प्रवासातून उरलेले शब्द त्यांनी दोन जिवंत पोपटांना शिकवले आणि अर्धपारदर्शक पिंजऱ्यात ते पक्षी ठेवले. बघणाऱ्याला पोपट नीट दिसत नाहीत, नुसती सावली हलते आणि शब्द ऐकू येतात. हंबोल्टच्या सगळ्या स्मारकांत मला हे सगळ्यात खरं वाटतं, आणि त्यात हंबोल्ट दिसतही नाही.

आपल्या बाजूचा रकाना भरायला मी मुद्दाम वेळ घेतला. हंबोल्टला हिमालय बघायचा होता. १८१४ पासून तो लंडनला खेटे घालत राहिला. प्रशियाच्या राजाने पैसे द्यायचं कबूल केलं. ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही ती नाहीच. वसाहतींच्या राज्यकारभारावर त्याने जे लिहिलं होतं, ते वाचून कंपनी त्याला आपल्या मुलखात कशाला फिरू देईल? चिंबोराझोपेक्षा उंच शिखरं हिमालयात आहेत हे कळल्यावर तो खट्टू झाला होता. शेवटी त्याच्या शिफारशीने श्लागिंटवाइट हे तीन भाऊ १८५४ मध्ये मुंबईत उतरले आणि तीन वर्षं हिंदुस्थान नि हिमालय धुंडाळत राहिले. त्यातला अडॉल्फ १८५७ मध्ये मध्य आशियातल्या काश्गरला पोचला आणि तिथे त्याचा शिरच्छेद झाला. पुढे रशियनांनी तिथे त्याचं स्मारक उभारलं.

पण या भावांनी आणखी एक काम केलं. वाटेत भेटलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर ओलं प्लॅस्टर थापून त्यांचे साचे घेतले, आणि त्यांवरून तयार झालेले मुखवटे युरोपातल्या संग्रहालयांना विकले. वंशांचे नमुने म्हणून. जिवंत माणसाचा चेहरा, डोळे मिटलेले, ओठ घट्ट. मी त्यांचे फोटो बघितले. एक चेहरा हुबेहूब आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या कासाराचा वाटला. हेही पुतळेच की. एका बाजूला खुर्चीत बसलेला संगमरवर, ज्याचं नाव पंचवीस पावलांवरून वाचता येतं. आणि दुसऱ्या बाजूला हे, ज्यांना चौथरा नाही, फळीवर ओळीने मांडलेले.

लिंडनच्या रस्त्याने पूर्वेकडे चालत गेलं की राजवाडा पुन्हा बांधून त्यात केलेलं हंबोल्ट फोरम लागतं. त्यात आफ्रिका-आशियातून आणलेल्या वस्तू आहेत. आजच्या नायजेरियात असलेल्या जुन्या बेनिन राज्याच्या ब्रॉंझ शिल्पांची मालकी जर्मनीने २०२२ मध्ये नायजेरियाला दिली. काही परत गेली, काही उसनी म्हणून अजून इथेच आहेत. लेकीने विचारलं, आत जाऊया का? गेलो. मी फार वेळ थांबले नाही.

उरलेले दिवस मी हंबोल्टहाईनमध्येच घालवले.

या राईची सुरुवातही १४ सप्टेंबर १८६९ चीच. बर्लिन शहराने शताब्दीला इथे पायाचा दगड बसवला आणि पुढे गुस्ताव मायरने बाग आखली. कामगारवस्तीतल्या लोकांना मोकळी हवा मिळावी आणि मुलांना झाडं ओळखता यावीत म्हणून. दुसऱ्या महायुद्धात, १९४१-४२ मध्ये, त्याच बागेत विमानांवर तोफा डागायला काँक्रीटचे प्रचंड मनोरे उभारले. भिंती दोन मीटरांहून जास्त जाडीच्या. युद्धानंतर हा भाग फ्रेंचांच्या ताब्यात होता. त्यांनी सुरुंग लावले. दक्षिणेकडची बाजू कोसळली. उत्तरेकडची पाडता आली नाही, कारण लगतच रेल्वेचे रूळ जातात. मग पडलेल्या शहराचा राडारोडा आणून त्यावर ओतला, माती टाकली, झाडं लावली. माझ्या खिडकीतली टेकडी ती हीच. समुद्रसपाटीपासून सुमारे ८५ मीटर.

परतायच्या दोन दिवस आधी नातवाला घेऊन वर गेले. तो सात वर्षांचा. वाटेत एक तुर्की आजीबाई बाकावर बसून अक्रोड फोडत होत्या, त्यांनी त्याच्या हातावर दोन ठेवले. वर पोचल्यावर मी वही उघडली आणि त्याला म्हटलं, चल, आपण या डोंगराचा छेद काढू. तो काढू लागला, मी सांगू लागले. उत्तरेची बाजू: उभी काँक्रीटची भिंत, सावली, ओल. तिथे दोरांना लटकून गिर्यारोहक चढाईचा सराव करत होते. निळी शिरस्त्राणं, एक बाई अर्ध्या वाटेवर चाचपडत होती आणि खालून कोणीतरी तिला पाय कुठे ठेवायचा ते ओरडून सांगत होतं. मनोऱ्याच्या पोटात वटवाघळं हिवाळा काढतात, म्हणून थंडीत आत जायला बंदी. माथा: कठडा, वारा, सगळं शहर. दक्षिणेचा उतार: ऊन.

"आजी, खाली द्राक्षं आहेत!" तो कठड्यावरून वाकून म्हणाला.

खरंच होती. बावन्न अंश उत्तर अक्षांशावर, जिथे द्राक्ष सहसा नीट पिकत नाही तिथे, दक्षिणेकडे तोंड केलेल्या त्या उतारावर वेलींच्या रांगा होत्या. दिवसभराचं ऊन तिरकं येऊन त्या उतारावर सरळ पडतं, म्हणून. पाठीमागून उत्तरेचा वारा अडवायला ती न पडलेली भिंत, म्हणून. मी नातवाला खडूशिवाय, फळ्याशिवाय सगळं समजावून सांगितलं: सूर्य कुठून येतो, उतार कसा धरतो, उंची किती. त्याने छेदावर खालच्या डाव्या कोपऱ्यात 'द्राक्षं' लिहिलं, मध्ये 'वटवाघळं', वरच्या टोकाला 'वारा', आणि भिंतीवर दोराला लटकलेली एक बाई काढली. मग पेन्सिल तोंडात धरून त्याने विचारलं, "तिचं नाव काय लिहू?"

आम्ही विचारायला खाली उतरलो.